एका षटकापुरता खेळ

दुपारची वामकुक्षी आटोपलेली असते आणि चहाला अजून अर्धा तास असतो. सकाळचे वर्तमानपत्र शब्दकोड्यासकट वाचून झालेले असते, घरातली मंडळी आपापल्या कामात असतात आणि ऊन उतरल्याखेरीज फिरायला बाहेर पडता येत नाही. उतारवयातल्या दिवसाला पडणाऱ्या या लहान लहान फटी आपल्या चांगल्या परिचयाच्या असतील. एखादे मोठे काम हाती घ्यावे एवढा तो वेळ नसतो आणि नुसते बसून काढावा, तर तो सरत नाही. अशा वेळी अलीकडे अनेक ज्येष्ठांच्या हाती मोबाइल दिसतो. त्यावर कधी कॅरमचा पट मांडलेला असतो, कधी क्रिकेटचे मैदान, तर कधी बोलिंगची गुळगुळीत लाकडी पट्टी.

नातवंडांच्या या खेळण्याला आपण हात लावावा का, लावला तर किती वेळ, त्यातून प्रकृतीला काही लाभ होतो की डोळ्यांना आणि मानेला उगाच त्रास, असे प्रश्न आपल्याही मनात येत असतील. घरच्यांच्या मनातले प्रश्न थोडे वेगळे असतात. आई-बाबांना मोबाइलचे वेड तर लागणार नाही ना? कोणी त्यांना फसवणार तर नाही ना? या सर्व प्रश्नांचा विचार एका साध्या सूत्रापाशी येऊन थांबतो. ज्या खेळाला स्वतःचा शेवट आहे, तोच खेळ निवडावा आणि त्या शेवटापाशी आपणही थांबावे.

दोन प्रकारचे खेळ

खऱ्या खेळांची नक्कल करणाऱ्या या आभासी खेळांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार बोटांनी खेळण्याचा. मोबाइल किंवा टॅबलेटच्या काचेवर बोट टेकवून स्ट्रायकर मागे ओढायचा, नेम धरायचा आणि सोडून द्यायचा. किंवा चेंडू टप्पा पडून वर येत असताना नेमक्या क्षणी काचेला स्पर्श करून फटका मारायचा. यात शरीराची हालचाल जवळजवळ नसते. कस लागतो तो नजरेचा, अंदाजाचा आणि वेळ साधण्याच्या कौशल्याचा.

दुसरा प्रकार हातवारे करून खेळण्याचा. जपानमधील क्योटो शहरात १८८९ साली खेळण्याचे पत्ते तयार करणारी कंपनी म्हणून ‘निन्टेंडो’ सुरू झाली. याच कंपनीने २००६ साली ‘वी’ नावाचे यंत्र बाजारात आणले. ते दूरचित्रवाणी संचाला जोडायचे आणि हातात रिमोटसारखी एक कांडी धरायची. कांडीतील संवेदक हाताची हालचाल ओळखतो. आपण हात मागे नेऊन पुढे आणला, की पडद्यावरचा चेंडू घरंगळत जातो. या यंत्रासाठी काढलेल्या ‘वी स्पोर्ट्स’मध्ये टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि मुष्टियुद्ध असे पाच खेळ होते. हे यंत्र मुलांसाठी घेतले जाईल अशी अनेकांची समजूत होती; पण पाहता पाहता अमेरिकेतील वृद्धनिवासांच्या दिवाणखान्यांत ते जाऊन बसले आणि तेथे बोलिंगच्या स्पर्धा रंगू लागल्या.

याचे कारण समजण्यासारखे आहे. खऱ्या बोलिंगचा चेंडू सात किलोपर्यंत भरतो. तो उचलून, चार पावले टाकून, वाकून सोडणे हे गुडघे आणि कंबर दुखणाऱ्या माणसाचे काम नव्हे. कांडी मात्र हलकी असते आणि खुर्चीत किंवा चाकांच्या खुर्चीत बसूनही ती फिरवता येते. चेंडूचे वजन गेले, तरी नेम, दिशा आणि वेळ यांचा आनंद उरला. पूर्वी मैदान गाजवलेल्या आणि आता सांध्यांमुळे घरी बसलेल्या माणसाला तेवढे परत मिळणेही थोडे नसते.

आपल्याकडील बहुतेक घरांत असे यंत्र नसते. मोबाइल मात्र असतो. कॅरम आपल्या हाडीमाशी खिळलेला आहे आणि क्रिकेटविषयी तर बोलायलाच नको. त्यामुळे आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचा संबंध पहिल्या प्रकाराशीच येईल.

लाभ किती आणि कोठवर?

येथे थोडे सावधपणे बोलले पाहिजे. कारण ‘मेंदूचा व्यायाम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खेळांच्या जाहिराती फार मोठमोठी आश्वासने देतात.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. ६० ते ८५ वर्षे वयाच्या व्यक्तींना गाडी चालवण्याचा एक खास तयार केलेला खेळ महिनाभरात एकूण बारा तास खेळायला दिला. गाडी रस्त्यावर ठेवायची आणि त्याच वेळी ठरावीक खूण दिसली, की कळ दाबायची. एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देण्याची त्यांची क्षमता वाढली आणि ती सुधारणा सहा महिन्यांनंतरही टिकून होती. हा निष्कर्ष उत्साहवर्धक होता. परंतु तो त्या विशिष्ट खेळापुरता आणि तशा शिस्तबद्ध सरावापुरता होता. पुढच्याच वर्षी सुमारे सत्तर शास्त्रज्ञांनी एक निवेदन काढून बजावले, की असे खेळ खेळल्याने वार्धक्यातील बौद्धिक घसरण थांबते, असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही. कोणताही आभासी खेळ स्मृतिभ्रंश टाळतो असे कोणी सांगितले, तर आपण हसून दुर्लक्ष करावे.

दुसरा प्रयोग आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. पक्षाघाताचा झटका येऊन तीन महिने उलटले नव्हते अशा १४१ रुग्णांचे दोन गट केले गेले. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला एका गटाला ‘वी’वरचे खेळ दिले, तर दुसऱ्या गटाला पत्ते, बिंगो, चेंडू असे साधे घरगुती खेळ. दोन आठवड्यांत दहा सत्रे झाली. ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की हाताच्या हालचालींत दोन्ही गटांची प्रगती झाली. यंत्रावर खेळणारा गट पुढे गेला नाही. महागडे यंत्र आणता आले नाही म्हणून मनाला लावून घेणाऱ्या कुटुंबांनी हा निष्कर्ष अवश्य ध्यानात ठेवावा. पत्त्यांचा जोड आणि समोर बसणारा माणूस हेही मोठे साधन आहे.

व्यायामाचे काय? ‘वी’वरच्या खेळांत बैठ्या खेळांपेक्षा अधिक ऊर्जा खर्च होते, पण खऱ्या खेळाइतकी होत नाही, असे २००७ साली किशोरवयीन मुलांच्या पाहणीत दिसून आले होते. बोटांनी खेळण्याच्या खेळांत तर शरीराला श्रम नाहीतच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान तीन दिवस तोल व स्नायूंचे बळ वाढवणारे व्यायाम करावेत. त्यातील एक बदल आपल्याला दिलासा देणारा आहे. पूर्वी सलग दहा मिनिटांहून कमी हालचाल हिशेबात धरली जात नसे. आता ती अट काढून टाकली आहे. दिवसभरातील थोडी थोडी हालचालही कामी येते.

तेव्हा आभासी खेळाला फिरण्याची जागा देऊ नये. त्याची जागा रिकाम्या बसण्याच्या वेळेत आहे. त्याचा खरा लाभ म्हणजे मन रमते, नजर आणि हात एकत्र काम करतात आणि हरण्याजिंकण्याची छोटीशी उत्सुकता दिवसाला चव आणते. एवढा लाभही मोलाचा आहे.

शेवट असलेला खेळ

मैदानावरच्या खेळांना शेवट देण्याची व्यवस्था माणसाने विचारपूर्वक केलेली आहे. षटकात सहा चेंडू असतात. बोलिंगच्या डावात दहा फ्रेम असतात. कॅरममध्ये नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक राणी अशा एकोणीस सोंगट्या असतात. त्यातील एका रंगाच्या सर्व सोंगट्या गेल्या, की तो बोर्ड संपतो. या मापांत एक शहाणपण आहे. माणसाने कधी उठावे, हे खेळच सांगतो.

मोबाइलवरील खेळ बनवणाऱ्यांना मात्र आपण उठू नये असे वाटते. डाव संपताच पडद्यावर ‘पुन्हा खेळा’ अशी मोठी हिरवी कळ येते. उद्या परत आलात तर बक्षीस, सलग सात दिवस खेळलात तर पेटी, मित्राने तुम्हाला मागे टाकले अशी सूचना, या सर्वांचा हेतू एकच असतो. ‘अजून एकच’ असे म्हणत दहा मिनिटांचा तास कसा होतो, हे तरुणांनाही कळत नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे आणि त्यापायी दैनंदिन व्यवहार दीर्घकाळ बिघडणे, याला जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिलेले आहे. हे वर्गीकरण २०२२ पासून लागू झाले.

म्हणून खेळायला बसण्यापूर्वीच माप ठरवावे. दोन षटके, एक बोर्ड किंवा बोलिंगचा एक डाव. हरलो तरी तेवढेच आणि जिंकलो तरी तेवढेच. घड्याळाचा गजर लावण्यापेक्षा हे माप मनाला अधिक पटते. कारण गजर डावाच्या मध्येच वाजतो आणि मग तो बंद करून खेळणे चालू राहते. दिवसातून अशा दोन किंवा तीन खेपा पुरेशा आहेत. प्रत्येक खेपेनंतर एखादे उठण्याचे काम ठेवावे. झाडांना पाणी घालावे, पाण्याची बाटली भरून आणावी, गॅलरीत दोन फेऱ्या माराव्यात. सूचना पाठवण्याची परवानगी त्या अ‍ॅपला देऊच नये. दिली असल्यास नातवाकडून किंवा मुलीकडून बंद करून घ्यावी.

झोपण्यापूर्वीच्या तासात खेळू नये. जेवणाची आणि औषधांची वेळ खेळाने पुढे ढकलली जाणार नाही, याची काळजी घ्यावी. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या बाबतीत जेवण लांबणे धोक्याचे ठरू शकते, हे वेगळे सांगायला नको.

बैठक, हात आणि डोळे

मोबाइल मांडीवर ठेवून मान खाली घालणे ही सर्वांत वाईट बैठक. मोबाइल किंवा टॅबलेट टेबलावर, पुस्तक ठेवण्याच्या ठोकळ्यावर तिरका उभा करावा. पाठीला आधार असावा, पावले जमिनीवर पूर्ण टेकलेली असावीत. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह काचांचा चष्मा वापरणारे जवळचे पाहण्यासाठी काचेच्या खालच्या भागातून बघतात. पडदा उंच असेल, तर त्यासाठी त्यांना हनुवटी वर करावी लागते आणि मान दुखू लागते. त्यांनी पडदा थोडा खाली ठेवावा.

पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी वेळा मिटतात आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दोन चेंडूंच्या मध्ये मुद्दाम डोळे मिटावेत. डाव संपल्यावर खिडकीबाहेरच्या एखाद्या दूरच्या झाडाकडे अर्धा मिनिट पाहावे. खोलीत अंधार करून खेळू नये. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, तर अंगठ्याऐवजी तर्जनीने किंवा काचेवर चालणाऱ्या जाड लेखणीने खेळावे. हात थरथरत असल्यास वेळ साधण्याच्या खेळाऐवजी कॅरम किंवा गोल्फसारखा निवांत नेम धरण्याचा खेळ निवडावा. तेथे घाई नसते.

हातवारे करून खेळण्याच्या प्रकारात पडण्याचा धोका ध्यानात ठेवावा लागतो. टीपॉय, सतरंजीची दुमडलेली कड आणि जमिनीवरून गेलेली वायर आधी बाजूला करावी. पायांत घसरणारे मोजे नकोत. तोल जात असेल, तर हात नसलेल्या स्थिर खुर्चीत बसूनच खेळावे. पाठीमागे भिंत असावी. कांडीची दोरी मनगटात अडकवावी. डोळ्यांवर बांधण्याची आभासी विश्वाची उपकरणे मात्र तोल कमी झालेल्यांनी टाळावीत. कारण त्यांत भोवतालची खोलीच दिसेनाशी होते.

अतिरेकाचा एक प्रसिद्ध दाखला वैद्यकीय साहित्यात नोंदलेला आहे. २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका २९ वर्षांच्या डॉक्टरांनी स्वतःचीच हकिकत पत्ररूपाने कळवली. ‘वी’वर कित्येक तास टेनिस खेळल्यानंतर दुसऱ्या दिवशी त्यांचा उजवा खांदा कमालीचा दुखू लागला, खांद्याच्या एका स्नायूच्या कंडरेला सूज आली होती. खऱ्या टेनिसमध्ये दम लागतो आणि माणूस थांबतो. हलक्या कांडीने दम लागत नाही, म्हणून हात चालतच राहतो. एकोणतिशीतल्या खांद्याची ही गत झाली, तर सत्तरीतल्या खांद्याला किती जपायला हवे, याचा विचार करावा. खेळताना सहज बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली, छातीत जड वाटले किंवा चक्कर आली, तर तत्काळ थांबून डॉक्टरांना कळवावे. नुकताच हृदयविकाराचा झटका, मोतीबिंदूची किंवा सांध्याची शस्त्रक्रिया झाली असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातवाऱ्यांचे खेळ खेळू नयेत. पेसमेकर बसवलेल्यांनी मोबाइल छातीवरच्या खिशात न ठेवता शरीरापासून किमान वीतभर दूर धरावा. काही नव्या मोबाइलमध्ये चुंबक असतात.

पैशांचा खेळ नको

ज्या खेळात पैसे लावून पैसे जिंकण्याचे आमिष आहे, त्याला खेळ समजू नये. संसदेने २०२५ साली ऑनलाइन गेमिंगविषयी जो कायदा केला, त्यानुसार पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ चालवणे आणि त्यांची जाहिरात करणे यांवर बंदी आहे. करमणुकीच्या आणि ई-क्रीडेच्या खेळांना मुभा आहे. तरीही मेसेजमधून दुवे येत राहतात. अशा दुव्यावरून कोणतेही अ‍ॅप घेऊ नये. ते घरच्या जाणत्या माणसाकडून मोबाइलच्या अधिकृत अ‍ॅप-भांडारातूनच उतरवून घ्यावे.

फुकटच्या खेळांतही आभासी नाणी खऱ्या पैशांना विकली जातात. ती खरेदी सहजासहजी होऊ नये म्हणून पासवर्डची अट घालता येते. ज्या मोबाइलवर खेळायचे, त्यावर बँकेचे अ‍ॅप नसेल तर अधिकच उत्तम. कॅरमच्या पलीकडच्या अनोळखी खेळाडूने गप्पा सुरू केल्या, फोन नंबर किंवा ओटीपी विचारला, तर तेथेच खेळ बंद करावा. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक. अशा प्रसंगी घरच्यांनीही बोलणी सुनावू नयेत. ओरडा बसेल या भीतीनेच पुष्कळ ज्येष्ठ झालेली गोष्ट लपवतात आणि मौल्यवान तास निघून जातात.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

आपण घरातील वृद्धांची देखभाल करत असाल, तर एक मोह आपल्याला होणे स्वाभाविक आहे. मोबाइल हातात दिला, की आजोबा तासभर शांत बसतात. तान्ह्या मुलाला जेवताना पडदा दाखवण्याची जी सवय आपण वाईट मानतो, तीच येथे वेगळ्या वयात उगवते. दहा मिनिटे ते खेळात असताना आपण चहा घेतलात, पाठ टेकवलीत, तर त्यात काहीही गैर नाही. ती विश्रांती आपला हक्क आहे. मात्र तासन् तासांची शांतता ही नेहमीच समाधानाची नसते. ती एकटेपणाचीही असू शकते. ते पूर्वीसारखे बोलत नाहीत, फिरायला जाण्याचे टाळतात, खेळ थांबवला की चिडतात, असे दिसू लागले, तर खेळ कमी करण्याआधी सहवास वाढवून पाहावा.

शिकवताना घाई करू नये. एका वेळी एकच खेळ, एकच खूण. त्यांच्या हातातून मोबाइल काढून घेऊन ‘असं नाही, असं’ करून दाखवणे टाळावे. त्यांचे बोट, त्यांची चूक आणि त्यांचाच दुसरा प्रयत्न असू द्यावा. अक्षरे मोठी करून ठेवावीत, आवाज बेताचा ठेवावा, खेळाचे चिन्ह पहिल्याच पानावर ठेवावे. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला नवा खेळ शिकवण्यापेक्षा तारुण्यात खेळलेला खेळ द्यावा. गुण मोजण्यात चूक झाली, तर ती दुरुस्त करण्याची गरज नाही. त्यांनी ‘आउट नव्हतो’ म्हटले, तर नव्हते.

आणि शक्य तेव्हा समोर बसावे. आळीपाळीने एकेक षटक खेळावे. नातवंड परगावी किंवा परदेशी असेल, तर ठरलेल्या वाराला व्हिडिओ कॉल लावून दोघांनी एकच बोर्ड खेळावा. ‘कसे आहात?’, ‘बरा आहे’ एवढ्यावर संपणारे संभाषण राणी कोणी घेतली या वादावर अर्धा तास चालते. जवळपास ज्येष्ठ नागरिक संघ किंवा विरंगुळा केंद्र असेल, तर मोबाइलवर हात साफ झालेल्या आजी-आजोबांना तेथील खऱ्या कॅरमपाशी घेऊन जावे. बोरिक पावडरचा स्पर्श, सोंगटी खिशात पडतानाचा आवाज आणि हरल्यावर शेजाऱ्याने मारलेला टोमणा, यांतले काहीच काचेखाली मिळत नाही.

आज दुपारी खेळायला बसाल, तेव्हा पहिला चेंडू टाकण्यापूर्वी घरातील कोणाला तरी मोठ्याने सांगा, ‘दोनच षटके हं!’ सांगितलेले माप पाळणे सोपे जाते. आणि कोण जाणे, ऐकणारा माणूस खुर्ची ओढून दुसरे षटक खेळायलाही येईल.